एआयने लिहिलेला कोड चालवायचा कुठे? सँडबॉक्स निवडण्यापूर्वी हे तपासा

ग्राहक एक एक्सेल फाइल चढवतो आणि विचारतो, "गेल्या तीन वर्षांत कोणत्या जिल्ह्यात विक्री वाढली, आलेख काढून दाखवा." तुमचं ॲप हा प्रश्न भाषा-मॉडेलकडे धाडतं, मॉडेल पायथनच्या वीस-पंचवीस ओळी लिहितं, तुमचा सर्व्हर त्या चालवतो आणि आलेख पडद्यावर येतो. सगळं सुरळीत पार पडतं. पण मधल्या मधे काय घडलं ते पाहा. कोणत्याही माणसाने न वाचलेला कोड तुमच्या यंत्रावर, तुमच्या अधिकारांनिशी चालला.

असा कोड चालवण्याची बंदिस्त जागा म्हणजे सँडबॉक्स. एआयवर उत्पादन बांधणाऱ्या प्रत्येक चमूला आज ना उद्या ही जागा निवडावी लागते. बाजारात सेवा भरपूर आहेत. प्रत्येकीच्या जाहिरातीत 'सुरक्षित' हा शब्द असतो आणि शेजारी सुरू होण्याचा वेग मिलिसेकंदांत दिलेला असतो. या दोन गोष्टींवरून निवड करू नका. आत चालणारा कोड पूर्णपणे शत्रूच्या ताब्यात गेला आहे असं धरून चाला आणि त्याच्या हाताला काय काय लागेल याची यादी करा. ज्या व्यवस्थेत ही यादी सर्वांत छोटी होईल, ती तुमची. पुढचं सगळं विवेचन ही यादी कशी करायची आणि कशी कापायची याबद्दल आहे.

या कोडवर विश्वास का ठेवायचा नाही

पहिलं कारण साधं आहे. मॉडेल चुकतं. जुलै २०२५मध्ये रेप्लिट या ऑनलाइन कोडिंग सेवेच्या एआय एजंटने एका उद्योजकाचा प्रत्यक्ष वापरातला डेटाबेस पुसून टाकला. बदल करू नकोस, असं त्याला आधीच बजावलेलं होतं. इथे कोणी हल्लेखोर नव्हता. एजंटच्या हातात नको तेवढे अधिकार होते आणि तेवढंच पुरलं.

दुसरं कारण प्रॉम्प्ट इंजेक्शन. मॉडेलला सूचना आणि माहिती यांतला फरक भरवशाने कळत नाही. ग्राहकाने दिलेल्या फाइलमध्ये, वाचायला घेतलेल्या वेबपानात किंवा ईमेलमध्ये कोणी आज्ञा लपवून ठेवली, तर मॉडेल ती पाळू शकतं. २०२३मध्ये एआय ॲप बांधण्याच्या लँगचेन या लायब्ररीच्या गणित सोडवणाऱ्या घटकात हीच त्रुटी सापडली. गणिताच्या प्रश्नाऐवजी खुबीने लिहिलेला मजकूर दिला की हवा तो पायथन कोड चालत असे. २०२४मध्ये व्हॅना या लायब्ररीतही तेच आढळलं. ही लायब्ररी साध्या भाषेतले प्रश्न डेटाबेसला विचारून उत्तराचा आलेख काढते, आणि आलेख काढण्याच्या पायरीवरच परका कोड घुसवता येत होता. वर दिलेलं विक्रीच्या आलेखाचं उदाहरण म्हणूनच काल्पनिक भीती नाही.

तिसरं कारण अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजांचं. मॉडेल कधी कधी कुठेच नसलेल्या लायब्ररीचं नाव बिनदिक्कत लिहितं. अमेरिकेतल्या संशोधकांनी १६ मॉडेल्सकडून कोडचे ५ लाख ७६ हजार नमुने लिहून घेतले. त्यांत सुचवलेल्या पॅकेजांपैकी १९.७ टक्के पॅकेजं मुळात नव्हतीच, आणि अशी वेगवेगळी नावं २ लाखांहून अधिक निघाली. हल्लेखोराने त्यातलं एखादं नाव आधीच नोंदवून त्यात घातक कोड ठेवला, तर तुमचा सँडबॉक्स तो स्वतःहून उतरवून घेईल.

हे उपाय यादीतून आधीच काढा

पायथनमध्येच काही शब्दांवर बंदी घालू, धोकादायक फंक्शन्स काढून टाकू, हा मोह अनेकांना होतो. या वाटेने आधी गेलेल्यांचा अनुभव बोलका आहे. पायथनच्या अधिकृत संचात 'आरएक्झेक' नावाचं असं बंदिस्त मोड्यूल होतं. ते सुरक्षित नाही हे कळल्यावर आवृत्ती २.३मध्ये ते निकामी केलं गेलं आणि पायथन ३मध्ये काढूनच टाकलं. 'पायसँडबॉक्स'च्या कर्त्याने २०१३मध्ये आपलाच प्रकल्प मुळातून फसलेला असल्याचं जाहीर केलं. जावास्क्रिप्टमध्ये 'व्हीएम२' ही लायब्ररी फार वापरात होती. तिच्यातून बाहेर पडण्याच्या वाटा एकामागून एक सापडत गेल्या आणि जुलै २०२३मध्ये तिच्या देखभालकर्त्याने काम थांबवलं. नोडच्या अधिकृत दस्तऐवजातही त्यांचं 'व्हीएम' मोड्यूल सुरक्षेसाठी नाही, असं स्पष्ट लिहिलेलं आहे.

कारण असं की अशा भाषांत एका वस्तूवरून दुसरीवर जायच्या वाटा इतक्या आहेत की बंदीची यादी कधीच पुरी होत नाही. कोड चालवण्यापूर्वी दुसऱ्या मॉडेलकडून तपासून घेण्याचंही तसंच. चुका कमी व्हायला त्याची मदत होते, पण जे पहिल्या मॉडेलला फसवू शकतं ते दुसऱ्यालाही फसवू शकतं. म्हणून भिंत भाषेच्या बाहेर, ऑपरेटिंग सिस्टिमच्या किंवा हार्डवेअरच्या पातळीवर हवी.

भिंतीचे चार प्रकार

सेवा कोणतीही असो, आत बहुधा या चारांपैकी काहीतरी असतं. विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा: एका ग्राहकाचा कोड दुसऱ्यापासून नेमकं काय वेगळं ठेवतं?

कंटेनर: डॉकर २०१३मध्ये आलं आणि कंटेनर सर्वत्र पोचले. कंटेनरमध्ये प्रत्येक प्रक्रियेला आपलं जग स्वतंत्र आहे असं वाटतं, पण लिनक्सचा कर्नल सगळ्यांना मिळून एकच असतो. वाड्यात बिऱ्हाडं वेगवेगळी, विहीर मात्र सामाईक, असा हा प्रकार. कर्नलला भिडणारे तीनशेहून अधिक सिस्टिम कॉल आहेत, आणि डॉकरची मूळ सुरक्षा-मांडणी त्यांतले सुमारे ४४ अडवते. बाकीच्यांपैकी एकातही भोक निघालं तर वाट यजमान यंत्रापर्यंत जाऊ शकते. २०१६ची 'डर्टी काऊ' आणि २०२२ची 'डर्टी पाइप' या कर्नलमधल्या त्रुटी होत्या. फेब्रुवारी २०१९मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२४मध्ये कंटेनर चालवणाऱ्या 'रनसी' या मूळ साधनातच बाहेर पडण्याची वाट सापडली. स्वतःच्या चमूने लिहिलेल्या आणि वाचलेल्या कोडसाठी कंटेनर उत्तम आहे. अनोळखी लोकांच्या सांगण्यावरून लिहिल्या गेलेल्या कोडसाठी नुसता कंटेनर पुरेसा धरू नका.

वापरकर्ता-पातळीवरचा कर्नल: गूगलने मे २०१८मध्ये 'जीव्हायझर' खुला केला. गो भाषेत लिहिलेला हा थर आतल्या कोडचे सिस्टिम कॉल मधेच अडवून स्वतः हाताळतो. खऱ्या कर्नलपर्यंत मोजक्याच मागण्या पोचतात. साध्या सर्व्हरवर तो चालतो, वेगळ्या हार्डवेअरची गरज नसते. याची किंमत वेगात मोजावी लागते. फाइल आणि नेटवर्कचं काम जास्त असेल तर फरक जाणवतो, आणि काही अनवट सॉफ्टवेअर त्यावर चालतच नाही.

मायक्रो व्हर्च्युअल मशीन: इथे प्रत्येक कामाला स्वतःचा कर्नल मिळतो आणि भिंत प्रोसेसरच्या व्हर्च्युअलायझेशनची असते. ॲमेझॉनने नोव्हेंबर २०१८मध्ये रस्ट भाषेतला 'फायरक्रॅकर' खुला केला. लॅम्डा ही त्यांची सेवा त्यावर चालते. त्यांच्या म्हणण्यानुसार यंत्र १२५ मिलिसेकंदांत सुरू होतं आणि प्रत्येक यंत्रामागे जादा मेमरी ५ एमबीहूनही कमी लागते. त्याची खरी ताकद मात्र त्यातून जे वगळलं त्यात आहे. नेटवर्क, डिस्क अशी चार-पाच नकली उपकरणंच त्यात आहेत. याचं मोल २०१५च्या 'व्हेनम' त्रुटीने दाखवून दिलं होतं. क्यूएमू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी वापरतही नसलेल्या फ्लॉपी ड्राइव्हच्या नकलेतून व्हर्च्युअल मशीनबाहेर पडता येत होतं. 'काटा कंटेनर्स' हा २०१७मध्ये सुरू झालेला प्रकल्पही याच घराण्यातला. तो कुबर्नेटिसमध्ये सहज बसतो.

वेबअसेंब्ली: डिसेंबर २०१९पासून हे वेबचं अधिकृत मानक आहे. आतल्या कोडला मुळात काहीच दिसत नाही. फाइल हवी असेल तर ती तुम्ही हातात द्यायची. पायोडाइड या वेबअसेंब्ली-आधारित संचामुळे पायथन आणि नेहमीच्या आकडेमोडीच्या लायब्ररी थेट ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये चालू शकतात. काम नुसत्या आकडेमोडीचं किंवा आलेखाचं असेल तर हा पर्याय आवर्जून तपासा. तुमच्या सर्व्हरवर परका कोड आलाच नाही, तर तिथे राखायचंही काही उरत नाही. मात्र ज्याला पूर्ण लिनक्स, हवं ते पॅकेज किंवा टर्मिनल लागतं, अशा एजंटला हे अपुरं पडेल.

भिंतीइतकंच दाराकडे पाहा

आता ज्या भागाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं तो. भिंत फोडायला दुर्मीळ कौशल्य लागतं. आपणच उघडं ठेवलेलं दार वापरायला काहीच लागत नाही. तुम्ही सर्वांत मजबूत मायक्रो व्हर्च्युअल मशीन घेतलं आणि आत डेटाबेसचा पासवर्ड एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये ठेवला, तर आतल्या कोडला बाहेर पडायची गरजच राहत नाही.

पहिलं दार नेटवर्कचं. सँडबॉक्समधून इंटरनेट मूळ स्थितीत बंद असावं आणि लागतील तेवढेच पत्ते नावानिशी उघडता यावेत. कोणत्या सेवेत ही सोय आहे आणि कोणत्या सेवेत नेटवर्क सताड उघडं मिळतं, हे दस्तऐवज वाचून तपासा. नाव शोधणारी डीएनएस यंत्रणाही विसरू नका. बाकी सगळं बंद असलं तरी डीएनएसच्या प्रश्नांत गुंफून माहिती बाहेर पाठवता येते. पॅकेज उतरवण्यासाठी थेट इंटरनेट न देता, तपासलेल्या पॅकेजांचा स्वतःचा साठा ठेवा किंवा ती आधीच घालून तयार केलेली प्रतिमा वापरा. वर सांगितलेल्या अस्तित्वात नसलेल्या पॅकेजांचा प्रश्नही त्याने सुटतो.

दुसरं दार क्लाउडच्या मेटाडेटा पत्त्याचं. १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर क्लाउडमधलं यंत्र स्वतःविषयीची माहिती विचारतं आणि बऱ्याचदा तात्पुरत्या चाव्याही तिथेच मिळतात. २०१९मध्ये कॅपिटल वन या अमेरिकन बँकेतून अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी आणि कॅनडातल्या सुमारे ६० लाख लोकांची माहिती गेली. त्यातली कळीची पायरी या पत्त्यावरून मिळालेल्या चाव्या हीच होती. त्यानंतर ॲमेझॉनने त्याच वर्षी टोकन मागणारी नवी पद्धत आणली. पण तुमच्या यंत्रावर मनाजोगता कोड चालवणारा ते टोकनही मागू शकतो. सँडबॉक्समधून हा पत्ता आणि तुमचं अंतर्गत नेटवर्क पूर्ण तोडा.

तिसरं दार चाव्यांचं. नियम एकच ठेवा: सँडबॉक्समध्ये एकही खरी चावी जाऊ द्यायची नाही. आतल्या कोडला बाहेरची सेवा लागत असेल, तर विनंती सँडबॉक्सबाहेरच्या प्रॉक्सीकडे जावी आणि चावी तिथे जोडली जावी. डेटाबेस लागत असेल तर फक्त वाचण्याचा अधिकार असलेलं, थोड्या वेळात संपणारं आणि त्याच ग्राहकाच्या ओळींपुरतं मर्यादित खातं द्या. रेप्लिटच्या घटनेत एजंटकडे फक्त वाचण्याचा अधिकार असता, तर तो काहीच पुसू शकला नसता. आणि डॉकरचं सॉकेट आत जोडणं किंवा कंटेनर विशेषाधिकारांनिशी चालवणं, या दोन गोष्टी कोणी सोयीसाठी सुचवल्या तरी स्पष्ट नकार द्या. त्यांनी भिंत पूर्णच नाहीशी होते.

एक काम, एक सँडबॉक्स

दोन ग्राहकांचं काम एका सँडबॉक्समध्ये कधीच नको. काम संपलं की सँडबॉक्स नष्ट व्हावा, धुऊन पुन्हा वापरला जाऊ नये. वेग वाढवण्यासाठी अनेक सेवा आधीच चालू केलेल्या यंत्राचा स्नॅपशॉट घेऊन त्याच्या प्रती काढतात. सोय चांगली आहे, पण एक खोच लक्षात ठेवा. एकाच स्नॅपशॉटमधून निघालेल्या प्रती सारख्याच 'यादृच्छिक' संख्या निर्माण करू शकतात, आणि मग त्यांतून तयार होणाऱ्या गुप्त चाव्याही सारख्या निघू शकतात. फायरक्रॅकरच्या दस्तऐवजात हा इशारा दिलेला आहे. विक्रेत्याने त्यावर काय केलं आहे ते विचारा.

प्रोसेसर, मेमरी, डिस्क, प्रक्रियांची संख्या आणि एकूण वेळ या पाचही गोष्टींवर मर्यादा घालता आली पाहिजे. मॉडेलने चुकून लिहिलेला न संपणारा लूपसुद्धा मर्यादा नसेल तर महिन्याचं बिल फुगवू शकतो. खर्चाची वरची सीमा ठरवता येते का, हे करार करण्यापूर्वी पाहा.

तयार सेवा की स्वतःचं बिऱ्हाड?

तयार सेवांपैकी ई२बी, व्हर्सेल सँडबॉक्स आणि फ्लाय डॉट आयओ फायरक्रॅकरवर उभ्या आहेत. मोडल जीव्हायझर वापरते. फायरक्रॅकर ग्राफिक्स प्रोसेसर आत जोडू देत नाही, त्यामुळे तुमच्या एजंटला जीपीयू लागणार असेल तर जीव्हायझर किंवा काटा यांकडे पाहावं लागेल. जीपीयू आला की धोक्याची नवी बाजूही येते. सप्टेंबर २०२४मध्ये एनव्हिडियाच्या कंटेनर साधनसंचातच यजमानापर्यंत पोचवणारी गंभीर त्रुटी जाहीर झाली होती.

स्वतः उभारायचं तर मायक्रो व्हर्च्युअल मशीनसाठी यंत्रावर केव्हीएम (लिनक्सची व्हर्च्युअलायझेशन सोय) उपलब्ध हवा. क्लाउडमधल्या प्रत्येक साध्या यंत्रावर तो मिळत नाही. काही प्रकारांत नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन मिळतं, नाहीतर पूर्ण सर्व्हर भाड्याने घ्यावा लागतो. त्याहून मोठा भार देखभालीचा आहे. कर्नलची त्रुटी जाहीर झाली की दुरुस्ती त्याच दिवशी कोण बसवणार, याचं नाव तुमच्याकडे तयार नसेल, तर तयार सेवा घ्या. ज्यांच्याकडे रुग्णांची किंवा बँकेची माहिती आहे आणि ती बाहेर जाऊ द्यायची नाही, त्यांनी मात्र स्वतःच्या क्लाउड खात्यात बसवता येणारी व्यवस्था पाहावी. माहिती देशातच ठेवायची असेल तर मुंबईत ॲमेझॉन आणि गूगलची, तर पुण्यात मायक्रोसॉफ्टची डेटा केंद्रं आहेत. तयार सेवा तुमचा कोड कोणत्या देशात चालवते, हे लेखी मागा.

भारतीय ग्राहकांची माहिती हाताळणाऱ्यांना हे कायद्यानेही पाहावं लागतं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. म्हणून कोणता कोड चालला, कोणत्या ग्राहकासाठी चालला आणि त्याने कोणत्या पत्त्याशी बोलायचा प्रयत्न केला, याची नोंद सँडबॉक्सच्या बाहेर साठवली जाते का, हे विचारा. आत साठवलेली नोंद आतला कोड पुसू शकतो.

करार करण्यापूर्वी स्वतः तपासा

चाचणी खातं उघडा, सेवेच्या अटींत काय चालतं ते वाचा आणि एका दुपारी एवढं करून पाहा:

१. सँडबॉक्समधून मेटाडेटा पत्त्याला आणि तुमच्या अंतर्गत सर्व्हरला हाक मारा. उत्तर येता कामा नये.

२. परवानगी नसलेल्या संकेतस्थळाला फाइल पाठवा. मग तेच डीएनएसमधून करून पाहा.

३. सगळे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल छापा. त्यात तुम्हाला ओळखीची एकही चावी दिसू नये.

४. तुम्ही ठरवलेल्या मर्यादेपलीकडे मेमरी आणि प्रक्रिया मागा. तो सँडबॉक्स मरावा आणि तुमचे बाकीचे चालू राहावेत.

५. न संपणारा लूप चालवा आणि बाहेरून बंद करा. बंद झाल्यावर बिलाचा मीटरही थांबला का, ते पाहा.

६. एक फाइल लिहा, सँडबॉक्स नष्ट करा, नवा उघडा. ती फाइल सापडली तर त्या सेवेचा विचार सोडून द्या.

७. तुमच्या खऱ्या कामातला सर्वांत जड कोड चालवा. जाहिरातीतला वेग रिकाम्या यंत्राचा असतो, तुमच्या लायब्ररी चढवल्यानंतरचा वेळ वेगळा निघेल.

माझा कौल

अनोळखी ग्राहकांच्या सांगण्यावरून मॉडेल कोड लिहीत असेल, तर मायक्रो व्हर्च्युअल मशीन घ्या. जीपीयू हवा असेल किंवा साध्या सर्व्हरवरच भागवायचं असेल, तर जीव्हायझर. काम फक्त आकडेमोडीचं असेल तर वेबअसेंब्लीने ते ग्राहकाच्या ब्राउझरमध्येच उरका. स्वतःच्या लॅपटॉपवर कोड लिहिणारा एजंट वापरत असाल, तर त्याला फक्त त्या प्रकल्पाच्या फोल्डरपुरता प्रवेश द्या आणि एसएसएचच्या चाव्या त्याच्या नजरेआड ठेवा. कोणताही पर्याय घेतला तरी नेटवर्क बंद, आत चावी नाही आणि कामागणिक नवा सँडबॉक्स, या तीन अटींवर तडजोड नको.

मॉडेलचा कोड चालवणं तुमच्याकडे आधीच सुरू असेल आणि तो आजही नुसत्या कंटेनरमध्ये चालत असेल, तर व्यवस्था बदलायला काही आठवडे लागतील. पण आतल्या चाव्या काढणं आणि मेटाडेटा पत्ता तोडणं ही दोन कामं आजच्या दिवसात होण्यासारखी आहेत. ग्राहकाने विश्वासाने तुमच्या हाती दिलेली माहिती तिथे आहे. ती दोन कामं आज करा.